बडोद्याची मराठी

मराठीचा विचार करताना आपली दृष्टी सहसा महाराष्ट्राच्या सीमेपाशी थांबते. परंतु परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठीकडे पाहिल्यावाचून भाषा कशाच्या बळावर टिकते, हे नीट कळत नाही. बडोद्याची मराठी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

1734 पासून हे नगर गायकवाडांकडे राहिले. त्यांच्या आश्रयाने शिलेदार, कारकून, शास्त्री अशी मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली आणि दप्तरात मोडी लिपी रूढ झाली. प्रजेची भाषा मात्र गुजराती. तिसऱ्या सयाजीरावांनी (1863–1939) दोहोंचा मान राखला. 1931 साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या कोशात कारभारातील शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फार्सी आदी भाषांतील पर्याय दिले आहेत. मराठी साहित्य संमेलने येथे 1909, 1921, 1934 व 2018 या साली भरली.

1949 साली संस्थान विलीन झाले, 1960 साली गुजरात राज्य स्थापन झाले, आणि दरबारची मराठी घरची भाषा झाली. दोन भगिनीभाषांच्या सहवासात देवघेव होणारच. ‘चळवळ’, ‘वाटाघाट’ हे शब्द गुजरातीने मराठीतून घेतले. उलट, गुजरातीत ‘वार लागणे’ म्हणजे उशीर होणे. तो प्रयोग जसाच्या तसा मराठीत आला, तर पुण्याचा श्रोता जखमेची चौकशी करील! ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चा भेदही गुजराती वळणाच्या जिभेला सहज साधत नाही.

असल्या मिश्रणाने भाषा मरत नाही. ती तिच्या जिवंतपणाची खूण होय. खरी चिंता निराळी आहे. गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकणारे मूल घरी मराठी उत्तम बोलते, पण मराठी पुस्तक हाती घेत नाही. वास्तविक वाचनाची सामग्री त्याच्यापाशी असते: देवनागरी अक्षरे ते हिंदीच्या तासाला शिकते, आणि ‘ळ’चा उच्चार त्याला गुजरातीनेच दिलेला असतो. उणीव असते ती केवळ सवयीची.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. परंतु तेथवर पोहोचणारा विद्यार्थी आधी घरात घडावा लागतो. रात्रीच्या जेवणानंतर पाव तास मोठ्याने वाचन आणि आजोळी महिन्याला एक स्वहस्ते लिहिलेले पत्र, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाला पाळता येईल. बोलणाऱ्यांची पुढची पिढी वाचणारीही व्हावी, यासाठी याहून मोठ्या खटाटोपाची आज गरज नाही.