ठरवून काढलेले खरे फोटो

जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडे सुरू होतात. रात्री संबळ वाजू लागतो आणि एकामागून एक सोंगं निघतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण. चेहऱ्यांवर कागदाच्या लगद्याचे, भडक रंगवलेले मुखवटे. ते घडवणाऱ्या कोकणा आणि वारली कलाकारांपुढे दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी एक वेगळीच मागणी ठेवली. देव-दानवांचे नकोत, आत्ताच्या जगण्यातले मुखवटे करून द्या. सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचे मुखवटे घडवले. मग गावातल्याच लोकांनी ते चढवले आणि घरात, दारात, रस्त्यावर रोजच्या जगण्यातले प्रसंग कॅमेऱ्यासमोर उभे केले. २०१५ पासूनच्या या मालिकेचं नाव ‘ॲक्ट्स ऑफ अपीअरन्स’. २०१७ साली ती ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या प्रदर्शनात लागली, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस १’मध्ये.

यातला एकही क्षण नकळत टिपलेला नाही. कोण कुठे बसणार, कुठला मुखवटा घालणार, सगळं ठरवून. तरीही ग्रामीण महाराष्ट्राचे जेवढे फोटो मी पाहिलेत, त्यांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतात. फोटोग्राफी शिकताना आम्हाला मात्र नेमकं उलटं सांगितलं होतं. वाट बघायची, कुणाला ‘असं उभे राहा’ म्हणायचं नाही, क्षण मिळाला की बटण दाबायचं, आणि नंतर कशालाही हात लावायचा नाही.

हात न लावलेला फोटो ही चीज मुळात कुठे मिळते, हे मला अजून कळलेलं नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक ठिपक्यापुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण १ कोटी २० लाख ठिपके फक्त हिरवा मोजतात, आणि लाल-निळ्याच्या वाट्याला ६०-६० लाख येतात. उरलेले रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे ज्या फाईलची आम्ही शपथ घेतो, तिच्यातली दोनतृतीयांश रंगमाहिती अंदाजाने आलेली असते. अंदाज उत्तम असतो, पण अंदाजच. फोनची तर गोष्टच वेगळी. तो एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो बांधतो. २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल फोनमध्ये ‘बेस्ट टेक’ नावाची सोय दिली. ग्रुप फोटोत मामांचे डोळे मिटले असतील, तर दुसऱ्या फ्रेममधला उघड्या डोळ्यांचा चेहरा आणून बसवता येतो. सगळे एकाच वेळी हसले, असा क्षण प्रत्यक्षात कधी आलाच नाही तरी चालतं.

तेव्हा वर्तमानपत्रांनी आपली रेघ कुठेतरी ओढून घेतली आहे. कापलं तर चालेल, उजळ-गडद केलं तर मर्यादेत चालेल, पण काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये नार्सिसो कॉन्ट्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. आदल्या वर्षी पुलित्झर मिळवणाऱ्या चमूत तो होता. सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोत कोपऱ्यात दुसऱ्या कुणा पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा पडला होता, तो त्याने पुसला. ही गोष्ट त्याने स्वतःच संपादकांना सांगितली. संस्थेने त्याचे सुमारे ५०० फोटो तपासले, दुसरी कसलीही भानगड निघाली नाही, तरी निर्णय बदलला नाही. माझ्या ओळखीतल्या अनेकांना ही शिक्षा जास्त वाटते. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने बातमी थोडीच बदलते? मला वाटतं, बदलते. तो कॅमेरा असताना दिसतं, की या लढाईकडे बघायला आणखीही माणसं जमली आहेत. तो गेला की उरतो एकटा योद्धा. पुसलेल्या जागेत नुसती माती दिसत असली, तरी फोटोचा नायक तिथेच तयार झाला.

आता याच पुसण्याचा दुसरा हिशेब बघा. जर्मन कलावंत आंद्रेयास गुर्स्की याने १९९९ मध्ये ‘ऱ्हाईन २’ हा फोटो केला. हिरवा काठ, करडी नदी, वर करडं आभाळ, बस्स. नदीपलीकडच्या इमारती आणि काठावरची माणसं त्याने संगणकावर पुसून टाकली, आणि तसं उघड सांगितलं. २०११ मध्ये लिलावात या फोटोला ४३ लाख डॉलर मिळाले, तोवरची लिलावात फोटोला मिळालेली सर्वांत मोठी किंमत. पुसण्याचं काम एकच. एकाचं काम गेलं, दुसऱ्याने इतिहास घडवला.

यावरचं तयार उत्तर असं, की वर्तमानपत्राचा नियम वेगळा आणि गॅलरीचा वेगळा. उत्तर बरोबर आहे, पण त्याने आज भागत नाही. गॅलरीतला फोटो दुपारपर्यंत फोनवर फिरायला लागतो आणि त्याच्याखालची पाटी भिंतीवरच राहते. शिवाय नुसतं बघून खरं-खोटं ओळखू, असं म्हणणाऱ्यांची जोनास बेंडिक्सन या नॉर्वेजियन छायाचित्रकाराने चांगलीच जिरवली. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीत खोट्या बातम्यांच्या धंद्यामुळे गाजलेल्या, उत्तर मॅसेडोनियातल्या वेलेस गावावर त्याने २०२१ मध्ये ‘द बुक ऑफ वेलेस’ हे पुस्तक काढलं. जागा खऱ्या, माणसं मात्र संगणकावर घडवलेली, आणि मजकुराचा बराच भाग कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला. पुस्तक विकलं गेलं, वाखाणलं गेलं, वृत्तछायाचित्रणाची पंढरी समजल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या पर्पिन्याँ महोत्सवात पडद्यावर दाखवलंही गेलं. कुणालाच शंका आली नाही. शेवटी त्यानेच एका बनावट खात्यावरून स्वतःवर आरोप केले आणि मग सगळं उघड केलं.

डोळ्यांनी कळत नाही, हातही लावावाच लागतो. मग बघायचं काय? मला याचं उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातच मिळालं. तिथे कला वगैरे काही नसते.

लग्नाचा अल्बम बसवताना एक मागणी हमखास येते. नवरीची आई बाजूला बोलावते. “दादा, ह्यांचा एक फोटो देते. स्टेजवरच्या फॅमिली फोटोत माझ्या शेजारी उभं करता येईल का?” हातात येतो तो कुठल्या तरी सहलीतला फोटो. त्यात ऊन उजवीकडून आलेलं, आणि हॉलमधला उजेड समोरून. मग नाकाची सावली हलकी करायची, कानाच्या कडेला स्टेजचा पिवळा रंग आणायचा, उंची काकूंच्या खांद्यावरून मोजायची. पायाखालची सावली विसरली की माणूस तरंगायला लागतो. पूर्वी हेच काम ब्रशने व्हायचं. घोळक्यातला चेहरा उचलून एनलार्ज करायचा, आजोबांनी जन्मात न घातलेला कोट रंगवायचा, आणि फ्रेम करून भिंतीवर. त्या फोटोला खोटं म्हणताना मी कुणालाही ऐकलेलं नाही.

कारण बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ज्यांनी हे करून मागितलं तेही घरचे आणि बघणारेही घरचेच. पन्नास वर्षांनी नातवंडांना कळेल का, ही शंका मला येते, म्हणून अशा फाईलच्या नावात मी ‘जोडलेला’ असं लिहून ठेवतो. अल्बमच्या पानावर लिहू देत नाहीत.

घरातून बाहेर पडलं, की हीच जोडाजोड किती विखारी होऊ शकते ते मुंबईच्या फॉकलंड रोडवरून कळतं. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये तिथल्या वेश्यावस्तीत राहणाऱ्यांचे फोटो काढले आणि १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २०१७ मध्ये एका तरुण छायाचित्रकाराच्या कोलकात्यातल्या फोटोत मागे एक व्यक्ती दिसली. ती मार्कच्या फॉकलंड रोडच्या फोटोतून जशीच्या तशी उचललेली होती. त्याने ते मान्यही केलं. चर्चा झाली ती चोरीची आणि फसवणुकीची. माझ्या डोक्यात मात्र ती व्यक्ती राहिली. तिने एका परक्या बाईला आपल्या अंगणात येऊ दिलं होतं, स्वतःकडे बघू दिलं होतं. काही दशकांनी तिला न विचारता दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच कुणाच्या कहाणीत, मागची रिकामी जागा भरायला उभं केलं गेलं. बघणाऱ्याची फसवणूक त्यानंतर येते.

इथवर आलो की नियम सोपा वाटतो. फोटोत जो आहे त्याला माहीत असावं, बघतो त्यालाही माहीत असावं, मग काहीही करा. पण २०१८ च्या जुलैमध्ये हाही नियम फसला. इटलीच्या अलेस्सिओ मामो याची ‘ड्रीमिंग फूड’ ही मालिका ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या संस्थेच्या इन्स्टाग्रामवर आली. २०११ मध्ये त्याने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब गावांमध्ये टेबल नेलं, त्यावर खोटे खाद्यपदार्थ मांडले आणि लोकांना म्हटलं, हातांनी डोळे झाका आणि आपल्याला काय खायला आवडेल त्याचं स्वप्न बघा. त्याने यातलं काहीच लपवलं नव्हतं. पदार्थ खोटे आहेत हे त्यानेच लिहिलं होतं, समोरच्या माणसांनाही ते दिसत होतं. तरी जगभरातून लोक खवळले, आणि माझ्या मते योग्य कारणाने खवळले.

आता जव्हारचे फोटो याच्या शेजारी ठेवा. दोन्हीकडे गरीब माणसं, दोन्हीकडे ठरवून उभा केलेला प्रसंग, दोन्हीकडे बाहेरून आलेला छायाचित्रकार. आणि दोन्हीकडे चेहरे झाकलेले. फरक एवढाच, की जव्हारमध्ये चेहऱ्यावर आहे तो त्यांच्याच हातचा मुखवटा. तो कसा घडवायचा, कुणी घालायचा, घालून काय करायचं, यात त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात त्यांची कारागिरी मुरलेली होती. मामोच्या फोटोत चेहऱ्यावर आहेत ते त्यांचे हात, पण तिथे ठेवले ते सांगितलं म्हणून. टेबलही त्यांचं नव्हे आणि सफरचंदाचं स्वप्नही बहुधा नव्हे. सोंग कुणी ठरवलं, हा प्रश्न बोहाड्याच्या गावाला समजावून सांगावा लागत नाही.

गिल यांचं आणखी एक काम मला यापुढचं वाटतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत त्यांनी २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी गावाच्या परिसराचे काळे-पांढरे फोटो काढले. पण वांगड फिरताना जे सांगत होते, ते फोटोंत कुठेच येत नव्हतं. मग त्या फोटोंवरच वांगडांनी शाईने रेखाटायला घेतलं. जनावरं, झाडं, देव, घरं, घडून गेलेल्या गोष्टी, पार आभाळभर. कॅमेऱ्याने नोंदवला तो आजच्या दुपारचा डोंगर, आणि जो तिथे जन्मला त्याने त्यावर डोंगराची हकीकत लिहिली. ‘काही घालायचं नाही’ हा वर्तमानपत्री नियम इथे लावला, तर फोटो शुद्ध राहील आणि जागेबद्दल जवळजवळ काहीच सांगणार नाही.

याचा अर्थ न ठरवता काढलेल्या फोटोचे दिवस संपले, असा कुणी घेऊ नये. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो बघा. तिथे मुखवटे नाहीत, मांडणी नाही, रंगही नाहीत. घाणीत उतरलेली माणसं आहेत, आणि त्यांच्यात वावरलेला, त्यांना परका न राहिलेला एक फोटोग्राफर आहे. अशा कामात एक टोपलं जरी पुसलं, तरी तो गुन्हाच ठरावा.

कॅमेरा कंपन्यांनी आता तंत्राचा उपाय काढला आहे. लायकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘एम ११-पी’ हा कॅमेरा आणला. फोटो काढतानाच तो त्यावर डिजिटल शिक्का मारतो: कुठल्या कॅमेऱ्याने, कधी काढला. पुढे जुळतं सॉफ्टवेअर वापरलं, तर कोणते बदल केले हेही त्याला जोडलं जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटोंचा पूर आणलेला असताना ही सोय हवीच, आणि ती लवकर स्वस्त व्हावी. मात्र मामोच्या फोटोलाही हा शिक्का विनातक्रार मिळाला असता, आणि वांगडांच्या रेषा त्यात ‘नंतर केलेला फेरफार’ म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. टेबल कुणी आणलं, डोळे झाकायला कुणी सांगितलं, मुखवटा कुणी घडवला, हे फोटोओळीतच लिहावं लागतं. आणि आपल्या पानांवर फोटोओळीला जागा मिळते दीड ओळ, त्यातही ‘छाया’नंतर फोटोग्राफरचं नाव बसवायचं असतं.