गोळी एकाची, राखण दोघांची

विटा, आटपाडी, खटाव, माण. सांगली-साताऱ्याच्या या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. सराफाच्या दुकानातली धूळ-राख गाळून त्यातून कणभर सोनं काढायचं, हे त्यांचं कसब. एचआयव्ही कुठल्याच धंद्याला बांधलेला नाही. पण रक्तातले विषाणू मोजणारी व्हायरल लोडची तपासणी समजून घेताना मला हेच लोक आठवले. तिथंही शोध कणाचाच. फरक एवढाच, की रक्तात काही सापडलं नाही तर आनंद!

'मॅडम, बायकोला काही होणार नाही ना?' एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या एआरटी सेंटरमधल्या समुपदेशकाला हा प्रश्न चुकत नाही. एके काळी उत्तर एकच होतं: निरोध वापरा. सांगलीत 1992 पासून 'संग्राम' संस्थेच्या साथीनं गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी हेच एकमेकींना समजावलं, स्वतः निरोध वाटले. डॉक्टरच्या आधी शेजारीण पटते, हे शहाणपण त्यांचं.

आता त्या उत्तरात एका गोळीची भर पडली आहे. विषाणू पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या नकला काढून घेतो. गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन नक्कल उतरवण्याचं काम अर्धवट तोडतात. डोल्युटेग्राविर ती नक्कल पेशीच्या जनुकांत घुसू देत नाही. रोज न चुकता घेतली, तर साधारण सहा महिन्यांत विषाणू इतके घटतात, की यंत्रालाही दिसेनासे होतात. आणि ते तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. औषध एकाच्या पोटात, राखण दुसऱ्याची! मी हे कितीदा वाचलं, तरी अंगावर काटा येतो.

याचा पुरावा आपल्या दारातूनही गेला. नऊ देशांतली 1763 जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यांतली काही पुण्याच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेत नोंदवलेली. 2011 मध्ये निष्कर्ष आला: जोडीदाराकडूनच झालेल्या 28 लागणींपैकी 27 उपचार उशिरा सुरू केलेल्या गटात, लगेच सुरू केलेल्या गटात फक्त एक.

विषाणू मात्र काही पेशींत दडून बसलेला असतो. गोळ्या थांबल्या, की काही आठवड्यांत परततो. शिवाय इतर गुप्तरोग गोळीनं टळत नाहीत, म्हणून निरोध राहतोच. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी हिशोब वेगळा. बाळालाही औषध द्यावं लागतं.

घरी सांगायचं कसं, हा सगळ्यात अवघड भाग. सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती बाईला असेल, तर डॉक्टर-समुपदेशकानं जोडीदाराला कळवायचं नाही, असं 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. मग धीर येईपर्यंत तिच्यासोबत पुन्हा पुन्हा बसायचं. आणि परमुलखात निघालेल्याला उठताना हमखास विचारायचं: 'गोळ्या किती दिवसांच्या घेतल्यात? संपायच्या आधी तिथल्या सेंटरला जायचं, कार्ड विसरू नका.'