हें कोठें लिहिलें आहे?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून घर जरा निवांत झालें होतें. धाकट्या जावेचें अडीच महिन्यांचें बाळ दोन दिवस खोकत होतें, त्यामुळें सर्वांचाच जीव थोडा टांगणीला लागला होता. इतक्यांत जाऊ माझ्या खोलीच्या दाराशीं आली. एका हातांत मोबाईल, दुसऱ्या हातांत मधाची बाटली. म्हणाली, "ताई, थोडा मध चाटवूं ना? तुमच्याच लेखांत दिलें आहे."

लेख माझाच होता. गेलीं चार वर्षें मी घरीं बसून महाजालावरील निरनिराळ्या संकेतस्थळांसाठीं लेख लिहितें. कचेरी नाहीं, वरिष्ठ नाहीं, मासिक पगार नाहीं. जितके शब्द तितका मोबदला. तान्ह्या मुलांच्या सर्दी-खोकल्यावरील घरगुती उपाय एका संकेतस्थळानें मागितले होते, आणि मीं ते एका दुपारीं लिहून पाठविले होते.

मामंजी झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांचा उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला. त्यांनीं चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलें, "सूनबाई, हें कोठें लिहिलें आहे?"

"दहा ठिकाणीं आहे, मामंजी."

"दहा ठिकाणीं आहे, कीं एकाच ठिकाणचें दहा वेळां आहे?"

मजजवळ उत्तर नव्हतें. बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं आधीं बाटली खालीं ठेवावयास सांगितलें आणि मग कारण सांगितलें. मधांत कधीं कधीं क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नांवाच्या जंतूचे बीजाणु असतात. मोठ्यांच्या आंतड्यांत ते निरुपद्रवी ठरतात. परंतु वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत ते रुजूं शकतात व स्नायु लुळे पाडणारें विष निर्माण करितात. पहिलें चिन्ह पुष्कळदां नुसतें बद्धकोष्ठ. मग रडणें क्षीण होतें, दूध ओढवत नाहीं, मान सांवरत नाहीं. असा प्रकार क्वचितच घडतो, पण घडला तर मूल श्वासालाही महाग होतें. तान्ह्या मुलांचा हा विकार १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेला. म्हणजे हें ज्ञान जवळजवळ अर्धशतकाचें जुनें, आणि मीं मात्र तें न पाहतांच लेखणी चालविली होती!

बाळाचा खोकला चार दिवसांत गेला. पण माझा लेख वाचून आणखी किती आयांनीं मधाची बाटली उघडली असेल, हा प्रश्न गेला नाहीं. त्या प्रश्नानें जें शिकविलें तेंच येथें मांडीत आहें. घरोघरीं आतां कोणी ना कोणी महाजालासाठीं लिहीत असतें, आणि न लिहिणारेही आलेला मजकूर पुढें पाठवितातच. तेव्हां हा विषय केवळ लेखकांचा राहिलेला नाहीं.

साक्षीदार किती?

त्या रात्रीं मीं तीं दहा पानें पुन्हां उघडून शेजारीं शेजारीं ठेवलीं. सात पानांवर एकच वाक्य होतें, आणि त्यांतील शुद्धलेखनाची चूकही एकच होती. ज्यांना मीं दहा साक्षीदार समजलें होतें, ते एकाच्याच तोंडचें ऐकून बोलत होते. दुसरीही एक गोष्ट ध्यानांत आली. बाळाच्या जिभेला मध लावण्याची चाल आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून त्या वाक्याची मला शंकाच आली नाहीं. जें आपणांस आधींच पटलेलें असतें, त्याचा आधार शोधण्याची बुद्धि होत नाहीं. आणि नेमका तेथेंच घात होतो.

एकाचे अनेक होण्याची ही क्रिया मोठमोठ्यांनाही चकविते. २००८ सालीं अमेरिकेंतील एका विद्यार्थ्यानें विकिपीडियावरील कोआटी नामक प्राण्याच्या लेखांत, यास ‘ब्राझीलचा आर्डवार्क’ असेंही म्हणतात, अशी थट्टेची भर घातली. आर्डवार्क हा आफ्रिकेंतील प्राणी; त्याचा कोआटीशीं कांहीं संबंध नाहीं. पुढें तें नांव इंग्लंडांतील वृत्तपत्रांत आलें, एका विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें काढलेल्या पुस्तकांतही शिरलें, आणि अखेर त्यांतलाच एक वृत्तपत्रीय लेख विकिपीडियावर त्या थट्टेचा आधार म्हणून जोडला गेला! लेकानें बापाच्या जन्माची ग्वाही द्यावी, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशीं मामंजींनीं कपाटांतून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेला महाभारताच्या आदिपर्वाचा खंड माझ्यापुढें ठेवला व म्हणाले, "वरचें वाचूं नकोस, खालचें वाच." पानाच्या वरच्या भागांत श्लोक होते आणि खालीं बारीक अक्षरांत टीपा: कोणत्या पोथींत कोणता शब्द निराळा आहे, याची नोंद. पुण्यांत हें काम १९१९ सालीं सुरू झालें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें आणि सारें महाभारत १९६६ सालीं. बाराशेंहून अधिक पोथ्या त्यासाठीं तपासल्या गेल्या.

परंतु सुखटणकरांनीं पोथ्यांची केवळ मोजदाद केली नाहीं. देवनागरी पोथ्या संख्येनें मुबलक, पण त्यांत निरनिराळ्या परंपरांची सरमिसळ. म्हणून त्यांचें वजन संख्येवरून धरलें नाहीं. काश्मीरची शारदा लिपींतील पोथी आणि मलबारची मल्याळम् लिपींतील पोथी, ज्यांनीं एकमेकींचें तोंडही पाहिलें नाहीं, त्या जेथें एकच शब्द सांगतात तेथें तो शब्द जुना मानावा, हें त्यांचें मुख्य सूत्र. व्यासांनीं सांगितलें व गणपतीनें लिहिलें, ही आपल्या सर्वांची आवडती कथा या कसोटीस उतरली नाहीं. तेव्हां ती संशोधित संहितेंतून काढून परिशिष्टांत ठेवली. टाकून दिली नाहीं आणि लपविलीही नाहीं. ज्यास पाहावयाची असेल त्यानें पाहावी.

त्या तळटीपांचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. संदर्भ देणें म्हणजे विद्वत्तेचें प्रदर्शन नव्हे. ‘मी या वाटेनें आलें, तुम्हांस शंका असेल तर याच वाटेनें जाऊन पाहा,’ असें वाचकास सांगणें एवढाच त्याचा अर्थ.

मुळापर्यंत जावें

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप-समूहावर वारंवार येणारें मेकॉलेचें एक ‘भाषण’ बहुतेकांनीं वाचलें असेल. हिंदुस्थानभर हिंडूनही आपणांस एकही भिकारी वा चोर दिसला नाहीं, तेव्हां या देशाचा कणा मोडावयाचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धति बदलली पाहिजे, असें त्यानें २ फेब्रुवारी १८३५ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत सांगितलें, असा त्याचा आशय. येथें एकच साधा प्रश्न विचारावा: त्या दिवशीं मेकॉले कोठें होता? तो जून १८३४ मध्यें मद्रासेस उतरला आणि १८३८ च्या आरंभापर्यंत हिंदुस्थानांतच होता. तारीख खरी आहे, पण ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची. तें टिपण एच्. शार्प यांनीं संपादिलेल्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहांत १९२० सालीं कलकत्त्यास छापलें गेलें, आणि आज तें महाजालावर कोणासही वाचतां येतें. त्यांत हें वाक्य कोठेंही नाहीं. आपल्या विद्यांविषयींची तुच्छता मात्र स्पष्ट शब्दांत आहे. मेकॉलेवर टीका करावयास खरा कागद पुरेसा असतां लोक खोटा कागद पुढें करितात आणि आपलीच बाजू लंगडी करून घेतात. मूळ न पाहणाऱ्याचें नुकसान असें दुहेरी असतें: खोटें पदरांत पडतें व खरें हातचें जातें.

हल्लीं या अडचणींत नवी भर पडली आहे. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास आधार मागितला, तर तें ग्रंथ, लेखक, साल, पृष्ठ सर्व कांहीं तत्परतेनें सांगतें. मात्र तो ग्रंथ जगांत असेलच असें नाहीं. मे २०२५ मध्यें ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकन दैनिकाच्या पुरवणींत उन्हाळ्यांत वाचावयाच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतील १० पुस्तकें अस्तित्वांतच नव्हतीं. लेखकांचीं नांवें खरीं, पुस्तकें काल्पनिक. इझाबेल अलेंदे यांच्या नांवावरही त्यांनीं कधीं न लिहिलेली कादंबरी घातली होती. पुरवणी बाहेरच्या संस्थेकडून आलेली, आणि यादी माझ्यासारख्याच एका स्वतंत्र लेखकाची. आपण यंत्राची मदत घेतली व तपासून पाहिलें नाहीं, हें त्यानें पुढें कबूल केलें. ग्रंथालयाची सूची उघडून पंधरा नांवें पाहावयास फार तर अर्धा तास लागला असता. पण त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाहीं, हीच खरी मेख आहे.

माझी वही

मोबदला लिहिण्याबद्दल मिळतो, शोधण्याबद्दल मिळत नाहीं. म्हणून घाईचा मोह प्रत्येक स्वतंत्र लेखकास होतो, मलाही होतो. परंतु वर्तमानपत्राच्या कचेरींत चूक पकडणारा कोणी तरी बसलेला असतो; घरीं एकटीनें लिहिणाऱ्या बाईच्या पाठीशीं तसें कोणी नसतें. वाचकाचा विश्वास हेंच तिचें भांडवल, आणि तें एकदां बुडालें कीं व्याजासकट बुडतें. त्या प्रसंगापासून मीं एक जाड वही घातली आहे व कांहीं नेम पाळतें.

पहिला नेम असा कीं, जो कागद स्वतः उघडून वाचला नाहीं त्याचें नांव आधार म्हणून लिहावयाचें नाहीं. दुसऱ्याच्या पुस्तकांत उतारा सांपडला, तर त्या पुस्तकावरून घेतला असें सरळ म्हणावयाचें. दुसरा नेम: बोलणारा कोण, त्यास त्या विषयाचा अधिकार काय, आणि तो काय विकतो, हें पाहावयाचें. मध विकणाऱ्याच्या पानावरील मधाची स्तुति ही जाहिरात होय, साक्ष नव्हे. तिसरा नेम: विकिपीडियास दरवाजा समजावयाचें, देवघर नव्हे, तळच्या टीपांवरून मूळ ग्रंथाकडे जावयाचें. मराठी विश्वकोश आतां महाजालावर विनामूल्य आहे; त्यांतील नोंदींखालीं लिहिणाऱ्याचें नांव व बहुधा संदर्भग्रंथही असतात, त्यामुळें पुढची वाट सांपडते. चौथा नेम: वैद्यकीय शोधाची बातमी वाचली तर मूळ निबंध पाहावयाचा. प्रयोग माणसांवर झाला कीं उंदरांवर, वीस जणांवर कीं वीस हजारांवर, हें बातमींत पुष्कळदां गळालेलें असतें.

वहींत प्रत्येक गोष्टीपुढें लेखक, ग्रंथ, साल व पृष्ठ लिहितें. महाजालावरील पान असेल तर तें कोणत्या तारखेस पाहिलें हेंही लिहितें. छापलेलें पुस्तक बदलत नाहीं, पण महाजालावरील पान रातोरात बदलतें किंवा नाहींसें होतें. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही १९९६ सालीं स्थापन झालेली अमेरिकन संस्था अशा पानांच्या प्रती जतन करून ठेविते. आपणांसही हवें तें पान तेथें सांठवितां येतें.

संपादकांस तळटीपा बहुधा नको असतात. वाचक कंटाळेल असें त्यांस वाटतें. अशा वेळीं आधार वाक्यांतच ओवावा. ‘तज्ज्ञ म्हणतात’ असें मोघम न लिहितां ‘वर्षाच्या आंतील बाळास मध देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते’ असें लिहिलें, तर वाक्य चार शब्दांनीं लांबतें, पण वाचकाच्या हातीं किल्ली येते. आणि ज्या वाक्यास आधार मिळाला नाहीं, तें कितीही आवडतें असो, गाळून टाकावें. तेवढ्या शब्दांचे पैसे जातील, एवढेंच.

माझ्या चुकीचें पुढें काय झालें, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. मीं त्या संकेतस्थळाच्या चालकांस कळविलें. मधाचें वाक्य गुपचूप काढून टाकावयास ते तयार होते. मीं आग्रह धरला कीं, तेवढ्यानें भागणार नाहीं; ज्यांनीं तें आधींच वाचलें त्यांच्यासाठीं, येथें पूर्वीं चुकीची व धोक्याची माहिती होती, असें लेखाच्या माथ्यावर स्पष्ट छापलें पाहिजे. आठ दिवस पत्रव्यवहार झाला. अखेर त्यांनीं तें छापलें. त्यानंतर मात्र मला त्यांच्याकडून काम आलें नाहीं. महिन्याच्या हिशेबांत ती उणीव दिसली, आणि घरांतील एकदोघांस मी उगाच हट्ट केला असेंही वाटलें. मामंजी कांहींच बोलले नाहींत. फक्त तो आदिपर्वाचा खंड त्यांनीं पुन्हां कपाटांत ठेवला नाहीं. तो आतां माझ्या टेबलावर असतो.

बाळ रांगूं लागलें आहे. मधाची बाटली फडताळांत वरच्या खणांत गेली आहे. घरांत कोणीही मोबाईलवरून कांहीं वाचून दाखविलें, कीं कोणी ना कोणी विचारतोच, "हें कोठें लिहिलें आहे?" प्रत्येक घरांत असे मामंजी असतीलच असें नाहीं, पण त्यांचा प्रश्न कोणासही विचारतां येतो, आणि लिहिणारानें तर तो वाचकाच्या आधीं स्वतःलाच विचारावयास हवा.