चाळीस मायक्रॉनची दौलत

गाडीचा रंग उन्हाने जातो, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ऊन आपला वाटा घेतंच. पण मी आजवर ज्या गाड्या वाकून, निरखून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींची चमक घालवली होती ती रोज सकाळच्या फडक्याने. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सहाला खाली उतरा: एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या. आमच्या पार्किंगमधले दादा म्हणतात, "रोज पुसतो म्हणून तर चमकते ना, साहेब!" त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्या फडक्याखाली काय असतं ते पाहा. आजूबाजूला बांधकामं चाललेली, क्रशसँडचे डंपर फिरत असतात, आणि ती भुकटी आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टची. त्यातल्या फेल्डस्पार खनिजाची कठिणता मोह्सच्या मापश्रेणीवर 6 च्या आसपास भरते. गाडीचा सर्वांत वरचा थर मात्र पारदर्शक लॅकरचा, दगडापुढे अगदीच मऊ. फडकं आठव्या गाडीपर्यंत पोहोचतं तेव्हा त्यात आधीच्या सात गाड्यांची भुकटी भरलेली असते.

म्हणून घरी मशीन पॉलिशिंग शिकू पाहणाऱ्याला मी आधी धुणं शिकवतो. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. सुरुवात टपापासून, चाकांजवळची खालची पट्टी सगळ्यात शेवटी. आधी पाण्याच्या मोकळ्या धारेने धूळ सुटी करून घ्यायची, भांडी घासायची पावडर लांब ठेवायची. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर ते गाडीवर वाळू द्यायचं नाही. कॅल्शियमचे पांढरे डाग उन्हात पक्के होतात. दादांनाही एक चांगला हातमोजा घेऊन द्या आणि "धूळ असेल तर कोरडं पुसू नका" एवढं गोडीने सांगा. हे झालं नाही तर पॉलिश केलेली गाडी महिनाभरात पूर्वपदावर येते.

पार्श्वभूमी पटकन सांगून टाकतो. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. 1920च्या दशकात ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी लवकर वाळणारा ड्यूको लॅकर आणला आणि गाड्यांना रंग आले. खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही जोडी साधारण 1980च्या दशकात रुळली. आजच्या गाडीवर पत्रा, त्यावर गंज रोखणारा ईडी कोट, प्रायमर, बेस कोट आणि क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोटचे 35 ते 50. म्हणजे पॉलिशरला खेळायला जागा आहे ती चाळीसेक मायक्रॉनची, आणि तीही सगळी वापरायची नाही, कारण अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला सांभाळणारा थर तोच. लॅकर घासून काढण्याचा, म्हणजे कटिंगचा, एक पुरता हात दोन-तीन मायक्रॉन घेऊन जाऊ शकतो. ही दौलत एकदाच मिळते.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो, आणि ती म्हणजे प्रकाश. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असली की बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेषांचं जाळं दिसतं. फडकं गोल फिरवल्यामुळे चरे गोल पडले, असं जवळपास सगळेच मानतात. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रत्येक चरा ही एक बारीक नाळी, आणि ती उजेड फेकते आपल्या लांबीशी काटकोनात. त्यामुळे प्रतिबिंबाभोवतीच्या हजारो चऱ्यांपैकी जे नेमके आडवे पडलेले असतात तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत उजेड पोहोचवतात, बाकीचे अंधारात राहतात. म्हणूनच तुम्ही दोन पावलं सरकलात की वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतात. घरातलं जुनं, रोजच्या घासण्याचं स्टीलचं ताट बल्बखाली धरून डोकं हलवा. अगदी हेच दिसेल.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. पार्किंगमधल्या लांब ट्यूबलाइटखाली चरे दिसतच नाहीत, कारण तिथे उजेड पसरट येतो. चरे पकडायला एका बिंदूतून येणारा प्रकाश हवा: ऊन किंवा एकाच एलईडीचा छोटा टॉर्च. मी असा टॉर्च जवळ बाळगतो आणि मित्रांच्या गाड्या तपासतो. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते. एकदा सीमोल्लंघनाच्या त्या गर्दीत सगळे सोहळा पाहत होते आणि माझी नजर त्या लांबलचक बॉनेटवरून उतरणाऱ्या तिरप्या उन्हावर खिळली होती. जुन्या घडणीच्या पत्र्याची वळणं उजेडाला जितकं खेळवतात तितकं आजच्या सपाट, धारदार घड्यांच्या गाड्यांना जमत नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याच मुक्कामात उद्यमनगरातल्या एका रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे जाऊन बसलो होतो. लांबी भरून वॉटर पेपर मारलेल्या दारावर ते हात फिरवत होते. बोटांवर सिगारेटच्या पाकिटाचा पातळ चकचकीत कागद होता. "नुसत्या हाताला कळत नाही, ह्याच्यातनं कळतंय बघा," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि शेजारच्या धुतलेल्या गाडीच्या टपावर फिरवला. डोळ्यांना लख्ख दिसणारा तो टप कागदातून खरखरीत लागत होता. रेल्वेजवळचे लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक. धुण्याने हे निघत नाही. तुम्ही पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून हेच करू शकता.

खरखर लागली तर क्ले बार. मळलेल्या कणकेइतका मऊ असा हा गोळा पाण्याच्या किंवा पातळ शाम्पूच्या ओलाव्यावरून हलका फिरवायचा आणि दर वेळी दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. जपानच्या तादाओ कादाते यांना याचं अमेरिकी पेटंट 1995 मध्ये मिळालं. गोळा जमिनीवर पडला की त्याचा उपयोग संपला, कितीही नवा असला तरी.

आता मशीन. गॅरेजमध्ये 'रबिंग मारताना' जे घरघरतं ते रोटरी: पॅड एका जागी, एकाच अक्षावर गरगरा फिरतं. मुरलेल्या हातात ते झटपट काम करतं, पण क्षणभर एका जागी रेंगाळलं तर रंग तापतो आणि कडेला थर उडतो. नवशिक्याने त्याला हात लावू नये. घरासाठी घ्यायचं ते ड्युअल ॲक्शन पॉलिशर. यात पॅड मधोमध बसवलेलं नसतं, थोडं बाजूला सरकवलेलं असतं. मोटर त्याला छोट्या वर्तुळात भोवंडते आणि त्याच वेळी ते बेअरिंगवर मोकळेपणाने स्वतःभोवतीही फिरतं. भोवंडण्याच्या त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे 'थ्रो': 8, 15 किंवा 21 मिलिमीटर. इटलीच्या रुपेसने मोठ्या थ्रोची मशीनं लोकप्रिय केली. जर्मनीच्या फ्लेक्सचं 8 मिलिमीटरचं गिअरवर चालणारं मशीनही नावाजलेलं आहे. सुरुवातीला 8 किंवा 15 चं साधं मशीन पुरतं, त्याचा तोल लवकर कळतो.

या मशीनची सगळी गंमत त्या मोकळ्या फिरण्यात आहे. जास्त दाबलं किंवा पॅड तिरकं धरलं की स्वतःभोवतीचं फिरणं थांबतं, नुसता थरथराट उरतो आणि चरे तसेच राहतात. हे आवाजावरून ओळखता येत नाही. म्हणून पॅडमागच्या तबकडीच्या कडेवर मार्करने एक जाड काळी रेघ ओढा. काम करताना नजर त्या रेघेवर ठेवा: ती सावकाश फिरताना दिसली पाहिजे. दाराच्या वळणावर ती अडखळताना दिसेल, तिथे हात सैल सोडा, मनगट पत्र्याच्या वळणाबरोबर वळू द्या. रेघ पुन्हा चालू लागते. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा पत्र्याचा आकार तळहाताला कळल्यासारखा वाटतो. त्या आनंदासाठी मी थंडीतल्या कितीतरी सकाळी खर्ची घातल्या आहेत.

काम सावलीत, गार पत्र्यावर. रबरी पट्ट्या, काळं प्लॅस्टिक आणि घड्यांच्या धारा मास्किंग टेपने झाका. धारेवर रंग मुळातच पातळ असतो. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तिथे वेग कमी. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. पॅडवर पॉलिशचे चार बारीक ठिपके, मशीन बंद असतानाच पत्र्यावर पसरवा. मग मध्यम वेगावर आडवे-उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, इतक्या संथपणे. चार ते सहा फेऱ्यांनंतर मायक्रोफायबरने पुसा. पॉलिशमधलं तेल चरे बुजवून फसवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पातळ मिश्रण मारून पुसा आणि मगच टॉर्च लावा.

पहिला चौकोन ही चाचणी. मऊ फोमचं पॅड आणि सौम्य फिनिशिंग पॉलिश यांनी सुरुवात करा. चरे गेले तर सगळी गाडी त्याच जोडीने करायची. राहिले तर आधी पॅड थोडं कडक घ्या, त्यानेही भागलं नाही तरच जास्त घासणाऱ्या कंपाउंडकडे जा. नखाला लागणारा ओरखडा सोडून द्या. त्याचा तळ गाठेपर्यंत लॅकर संपेल. फडक्यावर गाडीचाच रंग उतरू लागला तर वर क्लिअर कोट नाही असं समजा आणि हात आणखी हलका ठेवा. जुनी गाडी घेतली असेल तर रंगाची जाडी मोजणारं मीटर उसनं मिळवा. एखाद्या दारावर एकदम 200 च्या वर आकडा आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. साधं मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर काहीच सांगत नाही.

चकाकी आली की ती झाकायची. कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर तयार होतं. पानं वाळवून झोडपली की भुकटी पडते. ते 82 ते 86 अंशांना वितळतं. त्याची ऊबदार झळाळी मला अजूनही सर्वांत देखणी वाटते, पण उन्हाळ्यात ती दीड-दोन महिन्यांहून जास्त टिकत नाही. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने काढतो, आणि पहिल्या खेपेला मी तोच सुचवतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण शोरूममध्ये '9एच' हा शब्द ऐकून माणसं भारावतात. हा 9एच पेन्सिलींच्या कठिणतेच्या मापातला आहे. ठरावीक कोनात पेन्सिल दाबून ओढायची आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचं, अशी ती चाचणी. फ्रीडरिश मोह्स यांच्या 1812 च्या खनिजांच्या मापश्रेणीतल्या 9 शी, म्हणजे माणकाच्या कठिणतेशी, त्याचा काहीही संबंध नाही. सिलिकाचा तो थर एक-दोन मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी. पाणी त्यावरून घरंगळतं, मळ कमी चिकटतो, उन्हा-रसायनांना तो चांगली टक्कर देतो, आणि एवढं पुष्कळ आहे. दगडाच्या भुकटीवर फडकं दाबलं तर त्याच्यावरही चरे पडतात. घरी लावायचाच तर पावसाळ्यातली दमट हवा टाळा, हाताएवढा भाग घ्या, इंद्रधनुषी झाक उठली की लगेच पुसा. राहून गेलेला ओघळ वाळून कडक झाला की पुन्हा पॉलिश करूनच काढावा लागतो. त्यानंतर 24 तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.

सणासुदीची पूजा अवश्य करा, पण झेंडूचा हार बॉनेटवर आडवा सोडू नका. दोऱ्याच्या टोकाला तार असते आणि गाडी चालू लागली की ती पत्र्यावर घासते. हार पुढच्या जाळीला सुती दोऱ्याने बांधा. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा. पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग राहिलाच तर घासत बसू नका. धुऊन उन्हात उभी करा, हळदीचा रंग उन्हाने फिका पडत जातो. कबुतरांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढा. ओला टिश्यू तिच्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की वरच्या वर उचलून घ्या आणि ती जागा पाण्याने धुवा.