भट्टी सगळ्यांची!

दोस्तांनो, घरातला माठ आणि लोणच्याची बरणी शेजारी शेजारी ठेवून बघा. माठ बाहेरून ओलसर लागतो, पण बरणीतून तेलाचा थेंबसुद्धा बाहेर येत नाही. दोन्ही मातीचीच, मग असं का? माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून त्यात बारीक छिद्रं राहतात. बरणीची माती वेगळी, आच जास्त आणि वर काचेसारखा गुळगुळीत थर. या थराला ग्लेझ म्हणतात. हे सगळं ज्या विषयात शिकवतात तो सिरॅमिक्स.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथे १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली सुंदर भांडी बनत. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षीही त्यांवर असे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे पॉटरी म्हणून ओळखली जाणारी अशी भांडी आहेत.

चित्रकलेत एलिमेंटरीनंतर इंटरमिजिएट असते ना? मातीकामातही तशी दुसरी पायरी असते. पहिल्या पायरीवर माती मळायची, फिरत्या चाकाच्या मधोमध बसवायची आणि साधी वाटी काढायची. दुसऱ्या पायरीवर येतात झाकण, कान आणि तोटी. म्हणजे आख्खी किटलीच!

इथे खरी कसोटी लागते. माती वाळताना आणि भाजताना आकसते. ओली असताना १० सेंटिमीटर असलेली वस्तू शेवटी साधारण ९ सेंटिमीटर भरते. म्हणून किटली आणि झाकण एकाच मातीचं, एकाच वेळी करायचं. नाहीतर झाकण बसणारच नाही. कान जोडताना दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. जोडाच्या जागी ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा. एक भाग जास्त वाळलेला असला, की जोड तडकलाच म्हणून समजा. शिकताना कधीकधी छान जमलेला पेलाही तारेनं उभा कापायला लावतात. जिवावर येतं! पण भिंत कुठे जाड, कुठे पातळ, हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही.

ग्लेझ म्हणजे निम्मं रसायनशास्त्रच. सिलिकापासून काच होते, काही द्रव्यं ती कमी आचेवर वितळवतात आणि ॲल्युमिना तिला ओघळू देत नाही. रंग येतो धातूंमुळे. कोबाल्टचा निळा. तांब्याचा हिरवा, पण भट्टीत प्राणवायू कमी केला तर तेच तांबं लाल होतं! म्हणून आधी छोट्या फरशांवर चाचणी घ्यायची आणि प्रमाण वहीत लिहून ठेवायचं.

मग येते भट्टी. पहिल्या भाजणीला बिस्किट म्हणतात, दुसरी ग्लेझची. भट्टीत एकट्याचं भांडं नसतं, सगळ्या वर्गाचं असतं. एखाद्यानं घाईघाईत ओलसर भांडं ठेवलं, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि तुकडे शेजारच्याच्या भांड्यावर आदळतात. बुडाचं ग्लेझ पुसलं नाही, तर भांडं फळीलाच चिकटून बसतं. भट्टी लवकर उघडली, तर गार हवा लागून बरीच भांडी तडकू शकतात. चूक एकाची, पण महिनाभराची मेहनत जाते दुसऱ्याची! म्हणून इथे हातातल्या कसबाइतकीच शेजाऱ्याची काळजी शिकावी लागते.

तुम्हीही एक प्रयोग करून बघा. शाडूच्या मातीची पट्टी करा. तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी सावलीत वाळवा. पूर्ण वाळली की रेघ पुन्हा मोजा. किती कमी भरली? वहीत लिहून ठेवायला विसरू नका हं!