कान तपासण्याची साधने



गळीत हंगामात मिल हाऊसला पाळी करणारी आणि दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारी माणसे बहुतेक आपल्याच घरांतली. "आवाज येतो, पण बोललेलं समजत नाही," अशी त्यांची तक्रार. घरचे म्हणतात, याचं लक्षच नसतं! खरे काय ते सांगणारी साधने आहेत. त्यांची थोडी माहिती देत आहोत.

पहिला नादकाटा. दोन शिंगांचा धातूचा चिमटाच म्हणा ना. सेकंदाला ५१२ कंपने करणारा काटा वाजवून डॉक्टर तो कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर धरतात. चांगल्या कानाला तो हवेतून जास्त वेळ ऐकू येतो. हाडावरूनच जास्त आला, तर आवाज वाटेत अडतो आहे असे समजावे. मळ, पडद्याला भोक, मधल्या कानात पाणी, असे काहीतरी. यातले पुष्कळ दुरुस्त होते. जर्मनीतील डॉ. रिने यांनी १८५५ साली सांगितलेली ही रीत आजही चालू आहे.

पण ऐकणे किती घटले, हे काटा सांगत नाही. त्याला ऑडिओमीटर लागतो. शांत खोलीत हेडफोन लावून २५० पासून ८००० कंपनांपर्यंतचे, म्हणजे जाड ते बारीक, सूर एकेक करून सोडतात आणि हळू हळू करत नेतात. ऐकू आले की बटण दाबायचे. जेमतेम ऐकू येते तो आकडा डेसिबलमध्ये आलेखावर मांडतात. यातला हिशेब मात्र फसवा आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट, वीस वाढले की शंभरपट!

गोंगाटाने बिघडलेल्या कानाची खूण या आलेखावर दिसते. ४००० कंपनांच्या आसपास रेघ खड्ड्यात उतरते. बोलण्याचा बराच भाग त्याहून जाड सुरांत असल्याने माणसाला आधी पत्ताच लागत नाही. खड्डा रुंदावला की 'स', 'श' निसटू लागतात. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, मग तेल घाला की थेंब घाला. खड्डा लहान असतानाच कळले, तर कामावर कानात बुचे घालून उरलेले ऐकणे राखता येते. नुसत्या कापसाच्या बोळ्याने भागत नाही.

तपासणीला रात्रपाळी करून थेट जाऊ नये. गोंगाटानंतर कान काही तास मंदच असतो, आकडा उगाच वाईट येतो. आदली रात्र शांत झोपून जावे, आणि कानात तेल ओतून तर मुळीच जाऊ नये.