डॉक्टर स्ट्रेंजचं आडनाव बार्बाडोसच्या मळ्यांवर कसं पोहोचलं?

बेनेडिक्ट कंबरबॅच. 'शेरलॉक' बघितली असेल तर माहीत आहे, नसेल तर मार्व्हलचा डॉक्टर स्ट्रेंज म्हणून नक्की माहीत आहे. त्याच्या आडनावावर इंटरनेटवर इतके विनोद झालेत की खरं आडनाव काय आणि विनोद काय हे कळेनासं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कुठल्या तरी कादंबरीतलं बनावट नाव असणार.

आता एक प्रयोग करा. हे आडनाव सोशल मीडियावर नुसतं शोधा. बेनेडिक्टच्या चाहत्यांची पानं बाजूला काढा आणि ज्यांचं आडनाव खरोखर कंबरबॅच आहे त्यांचे चेहरे बघा. त्यातले कितीतरी कृष्णवर्णीय दिसतील. कुणी ब्रिजटाउनचा, कुणी त्रिनिदादचा, कुणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमध्येही क्लाईड कंबरबॅच नावाचे कसोटी पंच होऊन गेले. ते त्रिनिदादचे.

इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्याचं नाव या सगळ्यांपर्यंत पोहोचलं कसं?

सुरुवात त्या खेड्यापासून करू. इंग्लंडच्या वायव्येला चेशर नावाचा परगणा आहे. तिथे मिठासाठी प्रसिद्ध असलेलं नॉर्थविच नावाचं गाव आहे आणि त्याच्या उत्तरेला कॉम्बरबाक नावाचं खेडं. आपल्या गोष्टीतलं आडनाव या खेड्याचंच. नावातला शेवटचा तुकडा म्हणजे 'बाक' किंवा 'बॅच', हा जुन्या इंग्रजीतला शब्द. अर्थ ओढा, किंवा ओढ्याची घळ. चेशरमध्ये सँडबाक नावाचं गाव आहे, त्यातही तोच शब्द आहे. पहिला तुकडा जास्त गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये इंग्रज येण्याआधी जे ब्रिटन लोक राहत होते, त्यांना उद्देशून 'कुंब्रा' असा शब्द होता. वेल्सचे लोक आजही आपल्या देशाला 'कुमरी' म्हणतात आणि इंग्लंडच्या उत्तरेला कुंब्रिया आहे, ही सगळी एकाच मुळाची पोरं. म्हणजे कॉम्बरबाकचा अर्थ साधारण 'त्या वेल्शांचा ओढा' असा होतो. किंवा कुंब्रा हे नाव असलेल्या कुणा एकाचा ओढा. दोन्हीकडून मुद्दा तोच राहतो. नव्याने आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांवरून जागेला नाव ठेवलं.

गावावरून आडनाव ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. पाटणकर, मंगेशकर, तेंडुलकर आपल्या घरचेच. इंग्लंडमध्येही तसंच घडलं, फक्त त्यांनी 'कर' लावला नाही, गावाचं नाव जसंच्या तसं घेतलं. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान तिथे आडनावं वंशपरंपरेने चालू लागली. आणि आपल्याकडे होतं तसंच तिथेही व्हायचं, गावाचं नाव बहुतेकदा गाव सोडलेल्याला चिकटायचं. कॉम्बरबाकमध्येच राहणाऱ्याला कुणी कॉम्बरबाकवाला कशाला म्हणेल? तो चार कोसांवर जाऊन राहिला की म्हणतील.

मग हे आडनाव इतकं दुर्मीळ का? स्मिथ म्हणजे लोहार. लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्माला आलं. कॉम्बरबाक मात्र एकच, आणि तेही खेडं. असं आडनाव एखाद-दोन घरांतून सुरू होतं आणि तिथेच त्याचं नशीब अडकतं. पुढच्या पिढीत मुलगे झाले नाहीत, किंवा झाले आणि वारले, की खेळ खलास. हे गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघांनी १८७४ मध्ये मांडून दाखवलं. आडनाव फक्त बापाकडून मुलाकडे जात असेल, तर बरीचशी आडनावं कुणी काही न करता, निव्वळ योगायोगाने, काही पिढ्यांत नामशेष होतात. हेच गणित पुढे अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेपर्यंत उपयोगी पडलं, पण तो वेगळा विषय.

कंबरबॅच टिकलं. लिहिणाऱ्याने कानाला येईल तसं लिहिल्यामुळे त्याची कंबरबाक, कंबरपॅच अशी भावंडंही झाली. इंग्लंडमधली ही घरं चेशर आणि त्याला लागून असलेल्या स्टॅफर्डशरच्या आसपासच राहिली. गोष्ट एवढीच असती तर आज हे आडनाव त्या दोन परगण्यांच्या दफनभूमीत आणि टेलिफोनच्या यादीत कुठेतरी सापडलं असतं, बाकी जगाला पत्ताही नसता.

पण या आडनावाची एक शाखा जहाजात बसली.

बार्बाडोस हे कॅरिबियनमधलं सगळ्यात पूर्वेकडचं बेट. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३. इंग्रजांनी १६२७ मध्ये तिथे वसाहत केली. आधी तंबाखू, कापूस असं काहीबाही पिकवून पाहिलं. १६४० च्या दशकात ऊस आला आणि बेटाचा कायापालट झाला. युरोपला साखरेची चटक लागली होती, उसाला मजूर लागत होते, आणि ते मजूर आफ्रिकेतून साखळदंडात आणले जाऊ लागले. १६६१ मध्ये बार्बाडोसने गुलामांविषयीचा कायदा केला. माणसाला मालमत्तेसारखं वागवण्याची ती लेखी नियमावली होती, आणि पुढे इतर इंग्रज वसाहतींनी ती नमुना म्हणून उचलली.

अठराव्या शतकात कंबरबॅच घराण्याचे तिथे उसाचे मळे होते. बेटाच्या उत्तर भागातला क्लीलँड नावाचा मळा त्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट निकोलस ॲबी नावाची वास्तूही कंबरबॅचांच्या ताब्यात आली. नाव मठाचं असलं तरी तिथे मठ कधीच नव्हता, तो उसाच्या मळ्यावरचा मालकाचा वाडा. सतराव्या शतकातला हा वाडा आजही उभा आहे, पर्यटक तिकीट काढून बघायला जातात आणि तिथे रम गाळली जाते. इंग्रजी घराचा नमुना इतका प्रामाणिकपणे उतरवलाय की त्याला चक्क शेकोट्या आहेत. बार्बाडोसमध्ये. तिथे थंडी पडत नाही.

या मळ्यांवर राबणाऱ्या माणसांना आडनाव नव्हतं. निदान मालकाच्या वहीत तरी नव्हतं. त्यांची आफ्रिकेतली नावं पुसली गेली होती आणि मालकाने किंवा मुकादमाने ठेवलेलं एकच नाव उरलं होतं. आपसात ते एकमेकांना काय म्हणत असतील ते म्हणोत, कागदावर आलं ते एवढंच.

मग ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. पण लगेच सुटका नाही. 'उमेदवारी' असं गोंडस नाव देऊन त्याच लोकांना त्याच मालकांकडे आणखी चार वर्षं राबवलं गेलं. खरी मोकळीक मिळाली १ ऑगस्ट १८३८ ला. एकट्या बार्बाडोसमध्ये अशी सुमारे ८३ हजार माणसं होती.

भरपाई मिळाली, पण ती मालकांना. सरकारने २ कोटी पौंड बाजूला काढले. त्या काळच्या ब्रिटिश सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास ४० टक्के एवढी ही रक्कम. एवढा पैसा तिजोरीत नव्हता, म्हणून कर्ज काढलं, आणि त्या कर्जाचा शेवटचा भाग फिटला २०१५ मध्ये. २०१८ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने हे मोठ्या अभिमानाने ट्वीट केलं, की तुमच्या करातून गुलामगिरी संपवायला मदत झाली. ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांवर राबले होते आणि जे आज ब्रिटनमध्ये कर भरतात, त्यांनी ते वाचून काय म्हटलं असेल याची कल्पना करा. ट्वीट काढून टाकावं लागलं.

कुणाला किती भरपाई मिळाली याच्या नोंदी जपलेल्या आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्या एकत्र करून २०१३ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या. कुणीही आडनाव टाकून बघू शकतं. कंबरबॅच टाकलं तर नावं येतात.

सुटका झालेल्यांना आता आडनाव लागणार होतं. बाप्तिस्म्याला, लग्नाला, मजुरीच्या करारावर. कुणी आपल्या मालकाचं घेतलं, कुणी आधीच्या मालकाचं, कुणी शेजारच्या मळ्याचं, कुणी आपल्याला आवडलेलं. चर्चमधल्या लिहिणाऱ्याने परस्पर टाकलं असंही झालं. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. आडनाव मालकाचं आहे म्हणजे रक्ताचं नातं आहे असं नाही, आणि नाहीच असंही नाही. मळ्यांवर मालकांपासून गुलाम स्त्रियांना मुलं होत होती, त्यात त्या स्त्रीच्या इच्छेला काही जागा नव्हती. कुठल्या कंबरबॅचच्या अंगात कुणाचं रक्त आहे हे आडनावावरून सांगता येत नाही. आडनाव एवढंच सांगतं, की एकेकाळी या माणसाच्या खापरपणजोबाचा त्या घराण्याच्या वहीशी कुठेतरी संबंध आला होता.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात धर्मांतर झालेल्यांना त्यांच्या धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं पोर्तुगीज आडनाव मिळालं, तेव्हा फर्नांडिस आणि डिसोझा लिस्बनहून आलेले नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. वेस्ट इंडिजच्या बाबतीत मात्र आपण तो विचार करत नाही. विव्ह रिचर्ड्स आणि क्लाईव्ह लॉईड ही नावं कितीदा घेतली असतील! लॉईड हे मूळचं वेल्श आडनाव आहे. माल्कम मार्शल, जोएल गार्नर, डेस्मंड हेन्स हे तिघेही छोट्याशा बार्बाडोसचे, आणि तिघांची आडनावं ब्रिटिश बेटांवरची.

पुढचा प्रवास पोटासाठी झाला. बार्बाडोस म्हणजे मुठीएवढं बेट, जमीन मळेवाल्यांची, मजुरी कवडीमोल. पनामा कालवा खणायला अमेरिकेने १९०४ नंतर माणसं मागवली, तेव्हा एकट्या बार्बाडोसमधून जवळपास २० हजार पुरुष करारावर गेले, आणि स्वतःच्या खर्चाने गेलेले वेगळे. त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयाना इथेही लोक जातच होते. पनामातून साठवलेल्या पैशांवर कितीतरी कुटुंबं न्यूयॉर्कला पोहोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनलाच माणसं कमी पडू लागली, तेव्हा लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेने १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये भरती सुरू केली. त्यामुळे आज लंडनमध्ये दोन कंबरबॅच एकमेकांना भेटू शकतात, एक चेशरच्या शेतकऱ्याचा वंशज आणि दुसरा बार्बाडोसहून आलेल्या बस कंडक्टरचा नातू. दोघांचं आडनाव एकाच ओढ्यावरून आलेलं.

इंग्लंडमध्ये ज्यांना हे आडनाव मिळालं त्यांनाही ते जड झालंच. बेनेडिक्टचे वडील टिमोथी हेही अभिनेते, पण रंगमंचावर त्यांनी टिमोथी कार्लटन हे नाव लावलं. बेनेडिक्टनेही सुरुवातीला कार्लटन लावून पाहिलं, नंतर मूळ आडनावावर आला. त्याच्या आईने त्याला हे आडनाव वापरू नकोस असं सुचवलं होतं, गुलामांचे वंशज नुकसानभरपाई मागायला येतील म्हणून, असं त्यानेच एका मुलाखतीत सांगितलंय. गंमत अशी की कार्लटन हे नावही त्या घराण्यात मळ्यांच्या काळापासूनच चालत आलेलं आहे. पळून जायला निवडलेली वाटही त्याच वाड्यापाशी जाते. २०१३ च्या 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या चित्रपटात त्याने विल्यम फोर्ड या मळेवाल्याची भूमिका केली.

त्याच वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कचे नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी शहराच्या प्रशासकीय सेवा विभागाच्या प्रमुखपदी स्टेसी कंबरबॅच यांची निवड केली. त्या कृष्णवर्णीय, मूळ बार्बाडोसचं. अभिनेत्याशी नातं काय, हा प्रश्न त्यांना विचारला जाणार हे उघड होतं, आणि त्यांनी उत्तर शोधून ठेवलं होतं. बेनेडिक्टच्या पूर्वजांचा बार्बाडोसमध्ये मळा होता, आडनाव त्या बाजूने आलं.

आज घरातल्या कुणाला आपला वंशवृक्ष काढायचा असेल, तर दोन कंबरबॅचांना दोन वेगळे रस्ते लागतात. चेशरच्या माणसाला जनगणनेच्या याद्या आहेत, त्यामागे चर्चच्या वह्या, सोळाव्या शतकापर्यंत बोट धरून मागे नेणाऱ्या. बार्बाडोसचा माणूस १८३४ पर्यंत येतो आणि आडनाव संपतं. त्यामागे असते सरकारने १८१७ पासून करून घेतलेली गुलामांची मोजदाद. युनेस्कोने कॅरिबियनमधल्या या वह्या २००९ मध्ये जगाच्या स्मृतिठेव्यात घेतल्या. एका मळ्याची यादी एका मालकाखाली, आणि प्रत्येक माणसाला एक ओळ. त्या ओळीत एक नाव, वय, रंग, जन्म आफ्रिकेत की बेटावर. आडनावासह पूर्ण लिहिलेलं नाव यादीच्या माथ्यावर असतं, मालकाचं.